एक्सलचा नट: सोडताना लांबी, आवळताना वजनकाटा

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बारा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, कल्याणहून सेकंडहँड घेतलेली, नंबर अजून एमएच-०५. डाव्या पुढच्या चाकातून घूंऽऽ असा आवाज येतो, गाडी उजवीकडे वळवली की वाढतो, म्हणजे बेअरिंग गेलं. नाशिकच्या पाथर्डी फाट्याच्या तुमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये स्वतःच काम काढलंत, पण हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, मधोमध असलेला एक्सलचा नट जागचा हलेना. अर्धा इंची बारला, म्हणजे गोटी फिरवायच्या लांब दांड्याला, पाईप लावून लोंबकळलात, तर बारचं चौकोनी टोकच तुटलं. शेजारी म्हणतात गॅसने तापवा. मित्र म्हणतो, परत बसवताना बारवर उभा राहा, बास. तर नट काढायचा कसा आणि नंतर आवळायचा किती?

या दोनांत दुसरा प्रश्न मोठा आहे, हे आधी सांगतो. नट निघत नाही ही एका रविवारची कटकट. चुकीचा आवळला तर नवं बेअरिंगसुद्धा पुन्हा घूं करायला लागेल आणि तुम्ही बेअरिंगच्या कंपनीला शिव्या घालाल.

नट तिथे करतो काय, ते बघा. इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जाते अशा गाडीत ड्राइव्ह शाफ्टचं बाहेरचं टोक हबच्या दात्यांतून आरपार येतं आणि त्यावर हा नट बसतो. आतल्या बाजूने सीव्ही जॉइंटचा (चाक वळलं तरी ताकद पोचवणाऱ्या सांध्याचा) खांदा आणि बाहेरून हब, या दोघांच्या मधे बेअरिंग दाबून धरायचं काम नटाचं. तुमच्यासारख्या गाडीतल्या बेअरिंगमध्ये गोळ्यांच्या दोन ओळी असतात आणि आतली रिंग दोन तुकड्यांत असते. ते दोन तुकडे एकमेकांना घट्ट भिडलेले राहिले तरच गोळ्यांना हवा तेवढा ताण मिळतो. नट ढिला पडला की तुकड्यांत फट पडते, गोळ्या खेळायला लागतात, बेअरिंग आवाज करतं, तापतं आणि जातं. तेव्हा हा नट बेअरिंगचाच एक सुटा भाग आहे असं धरून चाला.

यातून लगेच एक पथ्य निघतं, आणि ते बरेच जण मोडतात. नट काढलेला किंवा ढिला असताना गाडीचं वजन त्या चाकावर देऊ नका, आणि गाडी तर अजिबात ढकलू नका. जागा अडते म्हणून शेजाऱ्याच्या गाडीला वाट द्यायला फूटभर ढकलली, एवढंही चांगल्या बेअरिंगला महागात पडू शकतं. तुमचं बेअरिंग तसंही जाणार आहे, पण उद्या फक्त सीव्ही जॉइंटचा रबरी बूट बदलायला नट काढाल तेव्हा हे आठवा.

आता सोडण्याकडे. नट सुटत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्या गाडीत मी पहिल्यांदा ताकद लावत नाही, लॉक बघतो. नटाला तीनपैकी एक लॉक असतं. जुन्या गाड्यांत खाचांचा मुकुटासारखा नट आणि आरपार स्प्लिट पिन. काही गाड्यांत आतून नायलॉनची रिंग असलेला किंवा मुद्दाम किंचित चेपलेला नट. आणि तुमच्या वयाच्या बहुतेक हॅचबॅकमध्ये नटाला बाहेरून पातळ कॉलर असते आणि शाफ्टला एक उभी खाच. कारखान्यात कॉलरचा थोडासा पत्रा पंच मारून त्या खाचेत चेपलेला असतो. बारा वर्षांची माती आणि गंज बसला की हे चेपलेलं दिसतसुद्धा नाही. तुमचं पाऊण दुखणं इथेच असावं असा माझा अंदाज आहे.

वायर ब्रशने शाफ्टचं टोक घासून लख्ख करा. खाच दिसली की त्यात कॉलरची जीभ गेलेली दिसेल. ती बाहेर उचलायची. यासाठी अरुंद छन्नी लागते, खाचेच्या रुंदीपेक्षा बारीक. नसेल तर जुना जाड स्क्रू ड्रायव्हर ग्राइंडरवर घासून बारीक करा. चांगला वाया घालवू नका. धार खाचेत तळाशी ठेवायची, जिभेच्या खाली, आणि हलक्या हाताने ठोकत जीभ बाहेरच्या बाजूला उलटवायची. छन्नी आट्यांच्या दिशेने वळू द्यायची नाही. जीभ पूर्ण उचलली नाही, अर्धी राहिली, तर ती नटाबरोबर फिरताना शाफ्टचे आटे खरवडत जाते. असा नट दोन फेऱ्या सुटतो आणि मग मधेच अडतो, आणि तेव्हा मागेही जात नाही, पुढेही येत नाही. त्यामुळे या कामाला दहा मिनिटं जास्त गेली तरी जाऊ द्या. चष्मा लावून करा. छन्नीचा कण उडतो.

मग गोटी, म्हणजे सॉकेट. नटाचं माप ३०, ३२ किंवा ३६ मिलिमीटर यांपैकी बहुधा एक निघतं, पण अंदाजाने घेऊ नका, व्हर्नियरने सपाट बाजूपासून सपाट बाजूपर्यंत मोजा. गोटी सहा कोनांची घ्या. बारा कोनांची गोटी नटाच्या कोपऱ्यांना धरते, आणि एवढ्या जोराला कोपरे गोल होतात. मग नट सोडण्याच्या कामाचं नट कापण्याचं काम होतं. गोटी नटावर तळापर्यंत बसली पाहिजे. चाकाच्या मधल्या भोकातून गोटी जात नसेल, किंवा अलॉयला ओरखडे नको असतील, तर स्टेपनी साध्या लोखंडी रिमची असते ती तेवढ्यापुरती लावा. तिच्या मधून सहसा जागा मिळते.

तुमचा बार का तुटला, त्याचा हिशेब करून बघू. जोर म्हणजे टॉर्क हा वजन गुणिले लांबी. ८० किलोचा माणूस ६० सेंटिमीटरच्या बारच्या टोकावर पूर्ण भार टाकतो तेव्हा साधारण ४७० न्यूटन-मीटर होतात. पाईप लावून तीच लांबी १२० सेंटिमीटर केली आणि लोंबकळलं की ९४० च्या आसपास. अर्धा इंची चौकोनाच्या चांगल्या बारची ताकद ५०० च्या आगेमागे संपते. म्हणजे तुम्ही त्याच्याकडून जवळपास दुप्पट काम मागितलंत, आणि तेही झटक्याने. बार तुटला नसता तर नवल. अशा वेळी तुटलेल्या बारमागे तुमचा तोल जातो आणि तोंड थेट मडगार्डवर आपटतं, ही खरी भीती.

म्हणून या कामाला पाऊण इंची बार आणि पाऊण इंची गोटी. विकत घ्यायलाच हवी असं नाही. ट्रॅक्टर-ट्रॉलीची कामं घरीच करणाऱ्या कुणा निफाड-दिंडोरीकडच्या बागायतदार पाहुण्याला विचारा. ज्याच्या शेडमध्ये ट्रॅक्टर आहे त्याच्याकडे हे सामान सहसा असतं. हत्यारांच्या बाबतीत आपण नाशिककर तसे सुखी आहोत, टपारियाचा कारखानाच सातपुरात आहे. पाऊण इंची बारला १२० सेंटिमीटर लांबी मिळाली की गंजलेल्या नटाला लागणारे ४०० न्यूटन-मीटर साधारण ३४ किलोच्या दाबात येतात. एवढा दाब दोन्ही हातांनी, पाय जमिनीवर ठेवून देता येतो. लोंबकळायचं, उडी मारायची, बारवर नाचायचं काही कारण राहत नाही.

आता प्रत्यक्ष. गाडी सपाट जागी, चाकं जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक असतील तर नंतर जॅकखाली जाड फळी घ्या, नाहीतर ब्लॉक खचतो. पहिली ढिल जमिनीवरच द्यायची, हा नियम. जॅकवर गाडी असताना मीटरभराच्या पाईपने जोर लावणं म्हणजे गाडी अंगावर घेणं. घरातल्या कुणालातरी ब्रेकचं पेडल दाबून बसवा. चाक जमिनीवर असलं तरी ब्रेक हवाच. ब्रेक न दाबता गिअरच्या भरवशावर जोर लावलात तर तो सगळा सीव्ही जॉइंटमधून गिअरबॉक्सच्या दात्यांवर जातो, आणि त्यांची काही चूक नसते.

चाकासमोर तोंड करून बसा. सोडताना बार डाव्या बाजूला आडवा ठेवा आणि खाली दाबा. गाडीची डावी बाजू असो की उजवी, तुम्ही बाहेरून बघत असाल तर हेच. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत दोन्ही बाजूंचे आटे सरळच असतात. काही जुन्या गाड्यांत एका बाजूला उलटे सापडतात, म्हणून शाफ्टच्या उघड्या टोकावरच्या आट्यांचा उतार एकदा बघून घ्या. गोटी आणि बार यांच्या मधे एक्स्टेन्शन घ्यावंच लागलं तर ते आखूड घ्या आणि त्याच्या बाहेरच्या टोकाखाली घोडी (जॅक स्टँड) किंवा लाकूड लावून आधार द्या. आधार नसला की दाब खाली जातो, गोटी तिरकी होते आणि कोपरे खाऊन निसटते.

दाब एकसारखा आणि वाढता. ‘कट्ट’ असा आवाज येतो आणि बार थोडा खाली जातो. कधी कधी बंदुकीचा बार काढावा तसा मोठा आवाज होतो. दचकू नका, काही तुटलेलं नसतं. तेवढ्यावर थांबा. पाव फेरीच्या पुढे जमिनीवर सोडायचा नाही, कारण मघाशी सांगितलं ते: वजन बेअरिंगवर आहे. मग चाकाचे नट किंचित ढिले करा, जॅक लावा, गाडी घोडीवर घ्या, चाक काढा आणि उरलेला नट हवेत सोडा. नुसत्या जॅकवर काम नको, घोडी पाहिजेच. भाड्याने मिळाली नाही तर मागून आणा.

यानेही हलला नाही तर गंज. तुमची गाडी कल्याणची, म्हणजे खाडीजवळची दमट हवा खाल्लेली. आपल्याकडची हवा त्या मानाने कोरडी, पण जी गाडी रोज इगतपुरी किंवा त्र्यंबकच्या पावसात जाते तिचीही हीच गत होते. गंज सोडवायचा स्प्रे नट आणि शाफ्ट यांच्या फटीत मारा, वर थोडं ठोका, पुन्हा मारा आणि रात्रभर सोडून द्या. ही रात्र महत्त्वाची आहे. स्प्रे मारून पाच मिनिटांत बार लावणाऱ्याने स्प्रेचे पैसे वाया घालवले. मारताना डिस्कवर फडकं घाला, नाहीतर ब्रेक तेलकट होतात. सकाळी आधी नट थोडा आवळायच्या दिशेने दाबून बघा. नट तसाही बदलायचाच आहे, आणि गंजाची पकड कधी कधी उलट्या दिशेला आधी तुटते.

टायरवाल्याकडच्या हवेच्या गनचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. सोडायला गन चांगली. गनचे लहान लहान झटके गंजाला जास्त लागतात, आणि हाताने जे होत नाही ते दहा सेकंदांत होतं. पण पंक्चरवाल्याच्या छोट्या कॉम्प्रेसरवर, लांब बारीक पाइपवर चालणारी गन या नटापुढे अनेकदा नुसती टर्र करत राहते. तेव्हा तिथे झालं नाही म्हणून खचू नका. आणि नट थोडा सोडून तशीच गाडी चालवत घरी आणायची हे मात्र डोक्यातून काढा.

शेजाऱ्यांचा गॅसचा सल्ला. गॅसने नट निघतो, खोटं नाही. पण त्या नटाच्या बोटभर मागे बेअरिंगचं ग्रीस आणि सील आहे, त्यामागे सीव्ही जॉइंट आणि त्याचा रबरी बूट, बाजूला ब्रेकचा होज आणि एबीएस असेल तर सेन्सरची वायर. तुमचं बेअरिंग टाकाऊ आहे हे मान्य, पण शाफ्ट आणि हब टाकाऊ नाहीत. त्यात कालपर्यंत त्यावर स्प्रे मारलेला, तो पेटतो. घरच्या पार्किंगमध्ये ज्वाला नकोच. शेवटचा उपाय म्हणून नट फोडा. नटाच्या एका सपाट बाजूवर, शाफ्टच्या आट्यांना न लागता, शाफ्टला समांतर दोन-तीन भोकं ड्रिलने पाडायची आणि मग छन्नीने तो पापुद्रा फोडायचा. नट फाकतो आणि हाताने फिरतो. ड्रिल आट्यांत गेलं तर शाफ्टचा खर्च, म्हणून घाईने करायचं काम नाही. ज्याने हे आधी केलेलं नाही त्याने पहिल्यांदा दुसऱ्याला करताना बघावं.

नट निघाला तरी शाफ्ट हबमधून सरकत नाही, दात्यांत गंज असतो. शाफ्टच्या टोकावर थेट घण मारला की टोक पसरतं आणि नवा नट कधीच चढत नाही. जुना नट टोकाच्या बरोबरीला येईल इतका परत चढवा, त्यावर लाकडाचा ठोकळा किंवा पितळी दांडा ठेवून ठोका. दोन-चार ठोक्यांत हलला नाही तर पुलर (स्क्रूने ढकलून भाग सोडवायचं हत्यार) लावा, जोर वाढवू नका. शाफ्ट सुटल्यावर तो लोंबकळत ठेवायचा नाही, तारेने वर बांधायचा, आणि बाहेर ओढायचा तर अजिबात नाही. आतल्या बाजूचा जॉइंट सुटून येतो आणि कामात काम वाढतं. ब्रेकचा कॅलिपरही होजवर लटकवू नका, त्यालाही तारच.

बेअरिंग बसवणं हा वेगळा विषय, एवढंच सांगतो: नकल, म्हणजे बेअरिंग ज्यात बसतं तो भाग, सोडून हायड्रॉलिक प्रेस असलेल्या वर्कशॉपमध्ये न्या. अंबड-सातपूरला अशा वर्कशॉपना तोटा नाही. नकलमध्ये बेअरिंग घालताना दाब बाहेरच्या रिंगवर, हब घालताना आतल्या रिंगला खालून आधार. हातोड्याने ठोकून बसवलेल्या बेअरिंगच्या आत गोळ्यांचे डाग पडतात आणि ते पहिल्या दिवसापासून गुणगुणतं. गाडीला एबीएस असेल तर काही बेअरिंगच्या एका बाजूला चुंबकी रिंग असते. ती सेन्सरच्या बाजूला आली पाहिजे आणि लोखंडी चुऱ्यापासून लांब राहिली पाहिजे.

आता तो मोठा प्रश्न. आवळायचा किती?

नट नवा घ्या. चेपलेल्या कॉलरचा नट आणि नायलॉनचा नट एकदाच वापरायचे असतात. बेअरिंगच्या आणि मजुरीच्या पुढे त्याची किंमत किरकोळ आहे. मुकुटाचा नट आटे चांगले असतील तर परत चालतो, पण स्प्लिट पिन नवीनच. शाफ्टचे आटे वायर ब्रशने साफ करा आणि काल मारलेला स्प्रे पुसून काढा. याला कारण आहे. नटावर जो जोर आपण लावतो त्याचा फार मोठा भाग, ढोबळमानाने नव्वद टक्के, नटाच्या तळाच्या आणि आट्यांच्या घर्षणात जातो. उरलेले दहाएक टक्के खरा दाब तयार करतात. आटे तेलकट असले की घर्षण कमी होतं आणि त्याच आकड्याला दाब बराच जास्त बसतो. मॅन्युअलमध्ये तेल लावा म्हटलं असेल तर लावा, नसेल तर कोरडे.

आकडा तुमच्या गाडीच्या, तुमच्या वर्षाच्या मॅन्युअलमधूनच घ्या. छोट्या-मध्यम गाड्यांत तो बहुधा १५० ते ३०० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, म्हणजे चाकाच्या साध्या नटाच्या दुप्पट-तिप्पट. एकाच नावाच्या गाडीत पेट्रोल-डिझेलचा, जुन्या-नव्या मॉडेलचा आकडा वेगळा असू शकतो, त्यामुळे मित्राच्या गाडीचा आकडा उसना घेऊ नका. काही युरोपियन कंपन्यांच्या गाड्यांत नटाऐवजी मोठा बोल्ट असतो आणि आधी ठरावीक टॉर्क, मग वर ठरावीक अंश फिरवायचं असं दोन टप्प्यांत सांगितलेलं असतं. तिथे खालची काट्याची युक्ती चालणार नाही.

बारवर उभं राहायचा मित्राचा उपाय का नको? तुमचं वजन ७० आणि तुम्ही बारवर ३० सेंटिमीटरवर पाय दिलात तर साधारण २०६ न्यूटन-मीटर. तोच पाय ५० सेंटिमीटरवर पडला तर ३४३. पाय वीतभर सरकला की एवढा फरक. वर उडी मारली तर हिशेबच नाही. गनने आवळणाराही हेच करतो, फक्त आवाज मोठा. कमी आवळला तर बेअरिंग जातं, हे वर आलंच. जास्त आवळला तर शाफ्टचे आटे ताणले जातात, आणि ते बाहेरून दिसत नाही. पुढच्या वेळी नट चढवताना आटे हातात येतात तेव्हा कळतं.

टॉर्क रेंच असेल तर प्रश्नच नाही. अर्धा इंची, ३०० पर्यंतचा घ्या. चाकाच्या नटासाठी घेतलेला छोटा रेंच इथे पुरत नाही. त्याच्या मापाच्या वरच्या भागात काम करा, त्याने कधीही काही सोडू नका, आणि काम झालं की स्प्रिंग सगळ्यात कमी आकड्यावर आणून ठेवा. एमआयडीसीत कुणी ओळखीचं क्वालिटीच्या खात्यात असेल तर रेंच तपासून मिळतो का विचारा.

रेंच नसेल तर नाशिक जिल्ह्यात घरोघरी असलेली एक गोष्ट कामाला येते: गोणी टांगून तोलायचा हुकाचा डिजिटल काटा. कांद्याच्या, द्राक्षांच्या दिवसांत तो शोधावा लागत नाही. बारवर नटाच्या मध्यापासून बरोबर १ मीटरवर खूण करा, तिथे घट्ट दोरीचा फास टाका, काट्याचा हुक त्यात अडकवा आणि काटा ओढा. मॅन्युअलचा आकडा भागिले ९.८१, तेवढे किलो काट्यावर आले की झालं. २०० न्यूटन-मीटर असेल तर २०.४ किलो. बार ६० सेंटिमीटरचाच असेल तर ३४ किलो. जुन्या मॅन्युअलमध्ये आकडा किलो-मीटरमध्ये असतो, तिथे तर भागाकारही नको: १७.५ लिहिलं असेल तर एक मीटरवर साडेसतरा किलो.

ओढताना दोन गोष्टी सांभाळा. एक, काट्याची दोरी बारला काटकोनात राहिली पाहिजे. तिरकी ओढलीत तर काटा जास्त दाखवतो आणि नटाला कमी मिळतं. बार जसा फिरतो तशी तुमची जागाही फिरवा. दोन, बार आडवा ठेवून खाली ओढलात तर बारचं स्वतःचं वजनही नटाला लागतं. म्हणून बार उभा धरा, टोक वर, आणि काटा आडवा ओढा. आवळताना उभ्या बारचं टोक तुमच्या उजवीकडे जातं. झटका द्यायचा नाही, हळूहळू वाढवत न्यायचं. आकडा आला आणि बार हलायचा थांबला, तिथे थांबा.

हे कुठे करायचं, हवेत की जमिनीवर? काही कंपन्या स्पष्ट सांगतात की पूर्ण टॉर्क होईपर्यंत चाकावर वजन नको. तसं लिहिलं असेल तर गाडी भक्कम घोड्यांवर ठेवून, चाक बसवून, ब्रेक दाबून हवेतच पूर्ण करा. हँडब्रेकचा इथे उपयोग नाही, तो बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांना लागतो. तसं काही लिहिलेलं नसेल तर मी हवेत ब्रेक दाबून शंभरेक न्यूटन-मीटरपर्यंत नेतो, म्हणजे रिंगचे तुकडे भिडतात, आणि मग चाक टेकवून, गाडी जागची न हलवता, उरलेलं करतो. डिस्क जर हबवर नुसती ठेवलेली असेल आणि चाकाच्या नटांनीच धरली जात असेल, तर चाक लावल्याशिवाय ब्रेक हबला धरणार नाही, हेही ध्यानात असू द्या.

मुकुटाच्या नटात आकडा आला आणि पिनेचं भोक खाचेसमोर नसेल तर पुढच्या खाचेपर्यंत आवळा, मागे सोडायचं नाही. कॉलरच्या नटात शेवटी जीभ परत चेपायची: गोल टोकाचा बोथट पंच घ्या, कॉलर शाफ्टच्या खाचेसमोर येईल तिथे ठेवा आणि दोन-तीन ठोक्यांत पत्रा खाचेत दाबा. धारदार छन्नी वापरली तर पत्रा चिरतो, आणि चिरलेलं लॉक हे लॉक नव्हे; नट बदला. नीट चेपलेला पत्रा खाचेच्या दोन्ही कडांना टेकलेला दिसतो आणि कुठे फाटलेला नसतो. वर रंगाच्या ब्रशने नट आणि शाफ्ट यांच्यावर मिळून एक सरळ पांढरी रेघ ओढा. शॉप फ्लोअरवर काम केलेल्याला ही रेघ सांगायला नको. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते.

एक धोक्याची सूचना, कारण तुमचं वाचून दुसरं कुणीतरी हेच आपल्या गाडीवर करेल. वरचं सगळं ड्राइव्ह शाफ्ट असलेल्या, दोन ओळींच्या गोळ्यांच्या बेअरिंगच्या हबबद्दल आहे. जुन्या जीप-प्रकारच्या गाड्यांच्या पुढच्या हबला किंवा काही गाड्यांच्या मागच्या ड्रमला निमुळत्या रोलरची दोन वेगळी बेअरिंग असतात. तिथे नट आधी आवळून, चाक फिरवून, मग परत सोडून अगदी हलक्या ताणावर ठेवायचा असतो. त्यावर २०० न्यूटन-मीटर लावलेत तर चाक गावाबाहेर पडायच्या आत तापून जाम होईल.

बसवून झालं की घोडीवर चाक वरून आणि खालून धरून हलवा. खेळ अजिबात नको. हाताने फिरवा, खरखर नको. चाकाचे नट जमिनीवर, त्यांच्या स्वतःच्या आकड्याला. मग आधी कॉलनीतच एक फेरी मारा, वळणं घ्या, दोन-तीनदा जोरात ब्रेक लावा. गाडी उचलताना किंवा रिव्हर्सवरून पुढे घेताना हबमधून एकच ‘टक’ असा आवाज आला तर नट कमी बसलाय किंवा त्याच्या तळाशी घाण राहिली आहे. उघडा, साफ करा, नवा नट घाला. त्यानंतर मुंबई हायवेला निघा. घरी परतलात की हबला हात लावून बघा. दोन्ही बाजूंच्या हबच्या उष्णतेत मोठा फरक नको, आणि डिस्कला मात्र हात लावू नका, ती खरोखरच पोळते. शे-दोनशे किलोमीटरनंतर चाकाच्या मधली टोपी काढून पांढरी रेघ बघा. सरळ असेल तर टोपी लावा आणि जुना नट टूलबॉक्समध्ये टाकून ठेवा; उजव्या बाजूचा शाफ्ट ठोकायची वेळ येईल तेव्हा तोच लागेल.